डबा बिघडलाय म्हणे

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. लगेच नाक मुरडू नका. मी चिवड्याचा नाही, रॉकेलचा पण नाही. मी बीपीचा डबा. राखाडी पत्र्याचा, लांबुडका, कंपासपेटीचा थोरला भाऊ वाटावा असा. झाकण उघडलं की ते ताठ उभं राहतं आणि त्यात काचेची नळी दिसते. नळीच्या बाजूला आकडे, तळाशी पारा. एका रबरी नळीला कापडी पट्टा, दुसरीला फुगा. पट्टा तुमच्या दंडाला, फुगा डॉक्टरच्या मुठीत आणि जीव तुमच्या घशात. झाली माझी रचना.

माझं एक लांबलचक इंग्रजी नाव पण आहे. ते घेताना डॉक्टरांचीच जीभ ठेचकाळते, म्हणून तुम्हाला सांगत नाही.

मी कुठल्या कारखान्यात बनलो ते आठवत नाही. आठवतो तो पारा भरणारा माणूस. थेंब सांडला की तो गुडघ्यावर बसून कागदाने गोळा करायचा, आणि थेंब त्याला चकवून टेबलाखाली पळायचे. माझ्यातला खोडकरपणा तिथूनच आला असणार. पुढे ठाण्याला स्टेशनजवळच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात एका बाजूला एनिमाचं भांडं, दुसऱ्या बाजूला कुबड्या. असल्या शेजाऱ्यांमध्ये दिवस काढलेले आहेत मी. त्र्याऐंशी साली मला डॉक्टर वासंती गुप्ते यांनी विकत घेतलं. बाई तरुण होत्या, नवीन दवाखाना टाकलेला. बोलायला कडक, शिस्त म्हणजे शिस्त. पण मासे म्हटलं की अर्ध्या विरघळायच्या. ठाण्यातले गुप्ते ते, माशांशिवाय रविवार मानत नाहीत.

सुरुवातीला मला जाम मजा यायची. भल्याभल्यांची टरकायची हो माझ्यापुढे. एक पिळदार मिशांचा पोलीस आलेला. पट्टा बांधला, फुसफुस करत हवा भरली, आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले. बाईंनी विचारलं तर म्हणाला, कचरा गेला डोळ्यात. मी मुद्दाम पारा सर्रकन वर चढवायचो. बघणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, आपलं काम लोकांना घाबरवायचं. आपण स्वतः कशाला घाबरायचं?

ही मस्ती कोलशेतला उतरली.

कोलशेत म्हणजे ठाण्याच्या कडेला, खाडीला लागून. आता तिकडे मोठमोठ्या बिल्डिंगी झाल्यात म्हणे. तेव्हा कारखान्यांच्या भिंती संपल्या की थेट गावच लागायचं. होड्या, जाळी, वळणीवर टाकलेली मासळी आणि कोळीवाडा. दर मंगळवारी बाई लुनावरून तिकडे जायच्या. मी पुढच्या पिशवीत, खड्ड्याखड्ड्याला कण्हत. गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकायची, मला उघडायचं आणि वाट बघायची. कारण "आज डबा येनार हाय" असं कळलं की अर्धा वाडा खाडीवर पळून जायचा. पट्टा बांधला की हात कायमचा मरतो, असं कोणीतरी पसरवलेलं. ते कोणी पसरवलं ते सांगतो पुढे.

पहिल्यांदा स्वतःहून दंड पुढे केला तो भागीरथीने. पन्नाशीची बाई. डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाळकुमपर्यंत चालत जाणारी आणि वाटेत दहा जणींची टर उडवणारी. दंड कसला, वल्हंच ते. पट्टा कसाबसा पुरला. ती बाजूच्या बाईला म्हणाली, "बघ गो, डॉक्टरीन बाय मना बाजूबंद घालतंय." सगळ्या हसल्या. मी पण आत हसलो.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो. हवा भरली की पट्टा दंड आवळतो, रक्त थांबतं. मग हवा हळूहळू सोडायची. रक्त परत धावायला लागलं की कानातल्या नळीला ठोका ऐकू येतो. ठोका सुरू होतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. बाईंनी हवा भरली. एकशे साठ. ठोके चालूच. एकशे ऐंशी, तरी चालूच. दोनशे. बाईंच्या मुठीने वेग घेतला. मी तोवर इतका वर कधी गेलोच नव्हतो. तिथे वर फार एकटं वाटतं, मित्रांनो. खाली बघितलं तर भागीरथी शेजारणीला चिंबोरीचा किस्सा सांगत होती.

दोनशे दहा. खालचा एकशे वीस.

डोकं दुखतं का? नाही. चक्कर? नाही. डोळ्यांपुढे अंधारी? "मना काय झाला नाय गो बाय, पाटी उचलून दाखवू का तुला?" हेच तर भयंकर होतं. ताप आला तर अंग तापतं, पाय मोडला तर माणूस ओरडतो. हे आतल्या आत चढतं आणि माणूस वरून किस्से सांगत बसतो. त्याला कळतच नाही. कळतं फक्त मला. आणि मला तोंड नाही, नुसते आकडे.

बाईंनी सांगितलं, रोज सकाळी गोळी, आणि मीठ बंद. नाहीतर एक दिवस अंगावरून वारं जाईल. भागीरथीचा किस्सा तिथेच थांबला. वारं म्हटल्यावर तिच्या हाताला घाम सुटला, माझा पट्टा ओला झाला.

कारण वारं तिच्या घरात दाराशीच पडलेलं होतं. तिचा नवरा दामाजी. दोन वर्षांपूर्वी भाऊ महिपतबरोबर होडीवर गेलेला. जाळं ओढता ओढता त्याच्या उजव्या हातातून दोर सुटला, तोंड वाकडं झालं आणि तो होडीतच कलंडला. तेव्हापासून उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचासुद्धा गेली. एक शब्द तेवढा शिल्लक राहिलेला, "बरा". भूक लागली तरी बरा, माशी बसली तरी बरा, कोणी कसा आहेस विचारलं तरी बरा. त्याला उचलायची भागीरथी, अंघोळ घालायची भागीरथी, भात कालवून घास भरवायची भागीरथी. पोरगी लांब वसईला दिलेली. त्या दिवशी पट्टा सोडताना भागीरथी बाईंना हळूच म्हणाली, "मी परले तर त्याला कोन उचलील गो?"

बाईंनी गोळ्यांची पुडी तिच्या मुठीत दिली.

आता भागीरथी म्हणजे अर्धवट काही करणारी बाई नाही. तिने एकवीरा आईला हात जोडून मीठ सोडलं. खरंच सोडलं. कालवणात चिमूट नाही, भातात खडा नाही, दारात आलेल्या मीठवाल्याला हात हलवून परत लावला. दामाजीलाही इस्पितळातून मीठ बंद सांगितलेलंच होतं, त्यामुळे घरात मिठाचं मडकंच पालथं घातलं. गोळी रोज सकाळी, तोंड धुतल्या धुतल्या. पुढच्या मंगळवारी ती ऐटीत ओट्यावर बसली. बांध म्हणाली.

मी चढलो. होतो तिथून थोडा वरच.

बाई म्हणाल्या, असू दे, वेळ लागतो. त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी वर. बाईंनी गोळी बदलली. मी आणखी वर. तो आषाढ होता. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, समुद्र बंद. खाडीत जे काय चार मासे मिळायचे ते बाजारात जायचे. बाई चिडायला लागल्या. भागीरथीबाई, खरं सांगा, गोळी घेता ना? मीठ खाता ना चोरून? भागीरथीने देवीची शपथ घेतली. बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना ते खरं वाटत नाहीये. आणि भागीरथीच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला ते दिसलंय.

मी दोघींच्या मधे बसलेलो. माझी काय अवस्था झाली असेल बघा. तिचा दंड खोटं बोलत नव्हता. मी पण बोलत नव्हतो. मग भानगड कुठे होती?

इथे महिपत आला. दामाजीचा धाकटा भाऊ, वाड्यातला सगळ्यात वाह्यात माणूस. पट्ट्याने हात मरतो ही पुडी त्याचीच. तो ओट्याखाली उभा राहून विडी ओढायचा आणि माझी चेष्टा करायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. आपल्याच जातीचा होता. बाईंनी एकदा त्याला दंड पुढे कर म्हटलं तर म्हणाला, "माझ्या दंडाला तुझा डबा पुरायचा नाय, गोणपाट आण." आता भागीरथीचं चढतंय हे ऐकून त्याने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "डबा बिघडलाय. आनि नसंल बिघडला तर योच डबा चढवतंय. न बांधता कुनाचा चढलाय का आजवर? सांगा."

याला उत्तर आहे का तुमच्याकडे? वाड्यात कोणाकडे नव्हतं. बायका माना डोलवायला लागल्या. खरंच की, डबा यायच्या आधी कुठे होतं बीपी? पोरं मला लांबून बघून पळायला लागली. पण एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात आलेली. चेष्टा करताना महिपत माझ्या जवळ कधी यायचा नाही. दामाजी कलंडला तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन होडी किनाऱ्याला आणणारा महिपतच होता. वाड्यात सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस तोच होता. हसून हसून लपवत होता.

बाईंनाही शंका आली. त्यांनी मला कल्याणला नेलं. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यांच्या पलीकडे एका बोळात सहदेव नावाचा माणूस असली यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने माझी रबरं दाबून बघितली, पारा गाळला, मग मला नवीन डब्याशेजारी ठेवून दोन्ही पट्टे स्वतःच्याच दंडांना बांधले. दोन्ही पारे बरोबर. तो म्हणाला, बाई, याला काही झालेलं नाही, नेऊन काम करा.

मी खरा ठरलो. मी बिघडलेला असतो तर किती बरं झालं असतं. मी बरोबर होतो, म्हणजे भागीरथीच्या आत खरोखरच ते वर वर सरकत होतं.

पुढच्या मंगळवारी ती ओट्यावर आलीच नाही.

बाई तास दीड तास थांबल्या. मग त्यांनी मला मिटलं आणि काखेत मारून चिखलातून तिच्या घरी निघाल्या. दुपार झालेली. भागीरथी चुलीपुढे बसलेली, दामाजी दाराशी खाटेवर, महिपत उंबऱ्यावर विडी वळत. भागीरथीने वर बघितलं नाही. म्हणाली, "कनाला आलीस? तू बोलतंस मी खोटी. महिपत बोलतंय डबा खोटा. मना नको काय."

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. मग महिपतच बोलला, पहिल्यांदा चेष्टा सोडून. सकाळी बाजारात मासा कापताना वहिनीच्या हातातून मासा निसटला म्हणाला. दोनदा. उजव्या हातातून.

मित्रांनो, कोळणीच्या हातातून मासा निसटत नाही. झोपेत दिला तरी निसटत नाही. दामाजी खाटेवरून म्हणाला, "बरा."

बाईंनी मला उघडलं आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला. मी गेलो तो दोनशे तीसला जाऊन टेकलो. नळीच्या टोकाकडे बघितलं, तर तिथे पुढे थोडेच आकडे उरलेले. वाटलं, हिच्या आत एखादी बारीक नळी असेल, माझ्या काचेसारखीच, ती आता किती दम धरेल? बाईंनी तिच्या जिभेखाली कॅप्सूल फोडली आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता सिव्हिल हॉस्पिटल, मी रिक्षा बोलावते. महिपत न सांगता रिक्षा बघायला बाहेर पडला. भागीरथी मात्र उठली ती खाटेकडे. रिक्षा येईपर्यंत याला भरवते म्हणाली, हा सकाळपासून उपाशी आहे. आणि घरी आलेल्या माणसाला उपाशी घालवत नाही म्हणून बाईंपुढेही थाळी ठेवली. अशा वेळी सुद्धा.

भात अळणी. कालवण अळणी. आणि थाळीच्या कडेला चुलीत भाजलेला खाऱ्या बांगड्याचा तुकडा. त्याचा वास, अहाहा. मला नाक नाही, पण बाईंचं नाक मी ओळखतो. एवढ्या टेन्शनमध्ये सुद्धा त्यांचा हात आपोआप त्या तुकड्याकडे गेला. तोंडात टाकला. चावला. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि गटागटा निम्मा संपवला. तांब्या खाली ठेवला. परत उचलला. उरलेला पण संपवला.

मग त्यांनी भागीरथीकडे बघितलं. ती दामाजीला घास भरवत होती. एक घास भात, त्यात बोटभर खारं.

"हे रोज खाता?"

"रोज. पावसाचा ताजां म्हावरां विकाला जातंय, घरान खारां." भागीरथीने पुढचा घास कालवला. "आनि मीठ सोरल्यापासून तर जास्तच लागतंय. अलनी भात घशाखाली उतरत नाय ना गो."

बाईंनी डोळे मिटले. मी सगळं समजलो आणि माझा पारा नळीच्या तळाशी गार पडला. ही बाई जितकी इमानाने मीठ सोडत होती, तितकी ती तुकड्यातुकड्याने मीठच खात होती. बाई जितक्या रागावत होत्या, तितका तिचा भात अळणी होत होता, आणि तितकं खारं वाढत होतं. मीठ बंद सांगितलं ते सगळ्यांनी. ताटात काय असतं ते कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी सांगितलं, भागीरथीबाई, यात मीठ आहे. भागीरथीला पटेना. तिचं म्हणणं एकदम साधं. मीठ म्हणजे मीठ. ते मडक्यात असतं, चिमटीने घालतात. हे म्हावरं. खारवताना मीठ लावलं होतं खरं, पण मग धुतलं, उन्हात वाळवलं, मीठ गेलं की पाण्याबरोबर. हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. बाई परत सांगायला लागल्या तर तिने हात वर केला. "थांब. दाखवतंय तुला."

तिचं माहेर मिठागराच्या बांधावरचं. पाण्यातून मीठ कसं येतं ते तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने खाऱ्याचा तुकडा वाटीत टाकला, वर गरम पाणी ओतलं आणि बोटांनी चोळला. तवा चुलीवर तापायला ठेवला. बाईंना खोटं पाडायचं होतं तिला, म्हणून हात कसा झपझप चाललेला. मग वाटीतलं पाणी तिने तव्यावर ओतलं.

चर्रर्र झालं. वाफ उडाली. पाणी आटत आटत मधे आलं आणि संपलं. काळ्या तव्यावर कडेकडेने पांढरा थर उरला. मिठागराच्या कोंडीत उन्हाळ्यात उरतो तसा.

भागीरथी बघत राहिली. मग तिने बोट ओलं करून तव्यावरून फिरवलं आणि जिभेला लावलं. बोट तसंच तोंडात राहिलं.

तिने बाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे पण नाही. ती खाटेकडे वळली. दामाजीच्या ओठाला अजून खाऱ्याचा कण चिकटलेला होता. तिने तो पदराने पुसला. "मी तुला दोन वर्सां मीठ चारलां," ती त्याला म्हणाली. "माझ्या हातानं."

दामाजीने डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. "बरा," म्हणाला.

आजवर मी कितीतरी लोकांना रडताना बघितलंय. डॉक्टरला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाई म्हणाल्या, चूक तुमची नाही, तुम्ही मी सांगितलं तेच केलंत, विचारायचं मी विसरले. तेवढ्यात महिपत रिक्षा घेऊन आला. त्याला तवा दाखवला. त्याने बोट लावून चाटलं, हसला आणि म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सां आमी मीठच खातोय आनि मेलो नाय. मग काय घाबराचा?"

बाई त्याच्याकडे वळल्या आणि पट्टा हातात घेऊन म्हणाल्या, बसा इथे, दोन मिनिटं. तो पाऊल मागे टाकत रिक्षात पुढे जाऊन बसला.

भागीरथीला सिव्हिलमध्ये काही दिवस ठेवलं. दामाजीला तेवढे दिवस महिपतच्या बायकोने, कलावतीने उचललं. भागीरथी परत आली ती डोकं चालवतच. बंदीच्या दिवसात माणसाने खायचं काय मग, असं तिने बाईंना ठणकावून विचारलं, आणि उत्तर पण तिनेच काढलं. बोंबील आणि जवळा नुसत्या उन्हात सुकतात, त्यांना मीठ लागतच नाही. खाडीत निवट्या मिळतात, चिंबोऱ्या मिळतात. अळणी भात उतरायला आमसूल आहे, चिंच आहे, लसूण आहे. खारं फक्त सणाला, तेही पाणी बदलून बदलून. आणि तवा तिने सगळ्या वाड्याला दाखवला. घरोघरी जायची, त्यांच्याच चुलीवर त्यांच्याच खाऱ्याचं पाणी ओतायची आणि थर उरला की म्हणायची, चाट. कोणी चाटायला लाजलं तर स्वतः बोट धरून लावायची.

मी हळूहळू उतरायला लागलो. दोनशे, एकशे नव्वद. खाली येताना कसं वाटतं सांगू? उंच माडावरून कोणीतरी हळूच खाली घेतंय असं.

महिपत मात्र नाहीच आला. दर मंगळवारी ओट्याखाली उभा राहायचा, विडी ओढायचा, डब्याला नवीन नाव ठेवायचा. बाई बोलवायच्या, तो टाळायचा. भागीरथी शिव्या घालायची, तो हसायचा. पुढच्या मंगळवारी म्हणायचा. नारळी पौर्णिमा झाली की म्हणायचा. नारळी पौर्णिमा झाली, दुसरी पण झाली.

मग एका सकाळी आम्ही गावात शिरलो तर किनाऱ्यावर गर्दी होती. होडी पाण्यात ढकलता ढकलता महिपत वाळूवर बसला, डोकं धरलं, आणि आडवा झाला. इतकंच म्हणे. बाई धावत गेल्या. गुडघे टेकून मला त्याच्या शेजारी उघडलं, पट्टा बांधला. पुरला की, गोणपाट नाही लागलं. हवा भरली आणि सोडली. मी दोनशेवरून उतरायला लागलो. ठोका येईल म्हणून थबकायची तयारी ठेवली. एकशे ऐंशी. एकशे चाळीस. शंभर. बाईंनी नळी कानात घट्ट दाबली. साठ. तीस. मी उतरत उतरत सरळ तळापर्यंत गेलो आणि वाटेत कुठेच थांबायला मिळालं नाही.

मी कितीही वर गेलो असेन, पण तेवढी भीती मला कधी वाटली नव्हती. वर चढताना निदान कोणीतरी आत असतं.

त्यानंतर मंगळवारी ओटा पुरेना. पुढे रांग, मागे रांग. ज्यांनी मला बघून पळ काढलेला ते आता एकमेकांना ढकलून दंड पुढे करत होते. भागीरथी रांगेच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येकाला विचारायची, गोळी घेतली? बरं वाटतंय म्हणून सोडली तर नाहीस ना? कलावतीचा पहिल्याच दिवशी एकशे नव्वद निघाला. तिला कुठे काही दुखत नव्हतं.

वर्षं गेली. माझी रबरं चिरली, पट्ट्याचं कापड विरलं, पारा काळपट पडला. पंचाण्णवच्या सुमाराला बाईंनी घड्याळासारखा तबकडीवाला नवीन डबा घेतला. हलका, पिशवीत मावणारा, ऐटबाज. मला कपाटावर ठेवायचं ठरलं. जायच्या आधी शेवटच्या मंगळवारी बाई आम्हा दोघांना घेऊन भागीरथीच्या घरी गेल्या. तिने नव्याला दंडाला शिवू दिलं नाही, जुनाच बांध म्हणाली. दामाजीच्या खाटेवर बसली, त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि नेहमीसारखे डोळे मिटले. सिव्हिलमधून परत आल्यापासून एकदाही तिने डोळे उघडे ठेवून आकडा बघितला नव्हता.

हवा भरली, सोडली. मी जपून उतरलो, म्हातारपणी घाई नको.

"एकशे चौतीस," बाई म्हणाल्या. "खालचा चौऱ्याऐंशी."

भागीरथीने एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. म्हणाली, "परत बांध. डबा बिघडलाय."

"बरा," दामाजी म्हणाला.

मित्रांनो, आयुष्यात पुष्कळदा मला बिघडलेला म्हटलं लोकांनी. त्या एकाच वेळी ते ऐकून मी खूश झालो.

आता मी कपाटावर आहे. माझ्यावर धूळ आहे आणि एका कोळ्याने जाळं विणलंय. कधीतरी बाई मला उघडून बघतात, मिटतात. कोणाच्या दंडाला लागत नाही मी, पण माझे भाऊबंद आहेत सगळीकडे. त्यांच्या वतीने एक मागणं आहे. आज घरी गेलात की आजीच्या, बाबांच्या ताटात वाकून बघा. मडक्यातलं मीठ सोडलंय ना विचारू नका, ताटात काय काय आहे ते विचारा. लोणचं, पापड, खारं, सगळं मोजा. नाही पटलं तर तवा तापवा. आणि पट्टा बांधायला कोणी आलं तर खुशाल हसा, नावं ठेवा, डोळे मिटा, कचरा गेला म्हणा, मला काय त्याचं वाईट वाटणार? फक्त दंड पुढे करा, आणि वेळेवर करा. महिपतचा दंड मला एकदाच मिळाला, आणि तेव्हा त्यात मोजायला काही उरलं नव्हतं.